अर्ज गेल्यानंतरचे पत्र
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



परदेशी शिक्षण म्हटले की १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले बाबासाहेब डोळ्यांसमोर उभे राहतात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, १९१६ साली ते लंडनला गेले तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. न्यूयॉर्कला जे कमावले त्याची खबर लंडनच्या दारी पोहोचवण्याची तजवीज तेव्हाही करावी लागली. आज आम्ही अशाच एका तजविजीविषयी बोलणार आहोत.

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांचे अर्ज साधारणपणे नोव्हेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत जातात. नेहमीच्या फेरीचा निकाल बहुधा मार्चअखेरीस लागतो. मधल्या महिन्यांत आपली मुले काय करतात? गप्प बसतात. ‘कॉमन ॲप्लिकेशन’मधून एखाद्या महाविद्यालयाला गेलेला अर्ज पुन्हा बदलता येत नाही, एवढेच त्यांनी ऐकलेले असते. ते खरेही आहे. पण अर्जात बदल करणे वेगळे आणि त्या महाविद्यालयाला नवी माहिती कळवणे वेगळे. आपल्या घरांत स्वतःविषयी बोलणे ही फुशारकी समजली जाते. शिवाय कचेरीला दुसऱ्यांदा लिहिले तर साहेब रागावतील, ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती. ज्यांच्या घरी कॉलेजची वाट तीन पिढ्या मळलेली आहे, त्यांची मुले मात्र बिनदिक्कत लिहितात. आम्हांला खरी खंत या फरकाची आहे.

कळवायचे काय? सहामाही परीक्षेचे गुण आधी. तिकडे शाळेने वर्षाच्या मध्यावर गुणांचा अहवाल पाठवण्याची पद्धत आहे. आपल्याकडील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांना तिची कल्पना नसते. तेव्हा विद्यार्थ्यानेच प्राचार्यांना भेटून विनंती करावी. बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो, म्हणजे तिकडचा निर्णय होऊन गेल्यावर. म्हणून सहामाहीच्या गुणांना मोल आहे. त्यानंतर स्पर्धेतील पारितोषिक, शिबिरासाठी झालेली निवड, अंगावर आलेली नवी जबाबदारी. वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम तुमच्याकडे आले असेल, तर किती मुले येतात आणि तुम्ही काय शिकवता, ते दोन ओळींत लिहा. प्रमाणपत्र नाही म्हणून ते काम लहान ठरत नाही. मात्र अर्जात लिहिलेलेच पुन्हा लिहू नका.

लिहिण्यापूर्वी त्या महाविद्यालयाच्या सूचना वाचा. काही ठिकाणी जादा कागद पाठवू नका असे स्पष्ट सांगितलेले असते. तेथे पाठवू नये. मॅसॅच्युसेट्सच्या ‘एमआयटी’चा यासाठी फेब्रुवारीत भरायचा स्वतंत्र फॉर्मच असतो. इतरत्र बहुधा अर्जदाराच्या पोर्टलवर किंवा ई-मेलने पत्र जाते. इंग्लंडच्या ‘यूकास’मध्येही गेलेले निवेदन बदलता येत नाही; तेथे विद्यापीठालाच थेट विचारावे.

लवकरच्या फेरीत अर्ज केलेल्यांना डिसेंबरच्या मध्यास कधी होकार नाही, नकारही नाही, ‘निर्णय पुढे ढकलला’ असे उत्तर येते. मुले याला नकार समजून खचतात. वास्तविक पत्राची सर्वांत जास्त गरज येथेच असते. आम्हांला अजून यायचे आहे, आणि दरम्यान हे नवे घडले, एवढे अर्ध्या पानात लिहावे. मार्चनंतर प्रतीक्षा यादीत नाव आले तरी हेच.

वाईट बातमीही कळवायची असते. विषय सोडला, शाळेने शिस्तभंगाची कारवाई केली, तर ते लपवू नये. माहितीत बदल झाल्यास कळवू, असे अनेक अर्जांत आपल्याकडून लिहून घेतलेले असते. जिल्हा पातळीवरचे बक्षीस राज्य पातळीवरचे करून दाखवणारा पंचशीलातील चौथे शील मोडतो, आणि पकडला गेला तर मिळालेली जागाही गमावतो. घरच्या कमावत्याची नोकरी गेली असेल तर ते मात्र आर्थिक साहाय्य कार्यालयाला वेगळे कळवावे. ही लाज बाळगण्याची गोष्ट नव्हे.

पत्रावर नाव, जन्मतारीख आणि अर्ज क्रमांक घाला, सोबत गुणपत्रिकेची प्रत जोडा. उत्तर येईलच असे नाही. पोर्टलवर कागद जमा झाल्याची नोंद दिसली की पुरे. दर आठवड्याला नवे पत्र धाडू नका.