मत ज्याचे त्याचे, मतदान सर्वांचे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. विषय आम्ही घरचाच निवडला आहे. आपली बहुतेक कुटुंबे डोंबिवली-कल्याण परिसरात राहतात. तेव्हा येथील राजकीय कौल आणि येथील मतदान यांचा थोडा विचार करू.

डोंबिवली एकाच विचाराची, असा सर्वत्र समज आहे आणि त्यास आधारही आहे. जुन्या ठाणे लोकसभा मतदारसंघातून १९७७ व १९८० साली रामभाऊ म्हाळगी, तर १९८९ व १९९१ साली राम कापसे निवडून आले. २००९ ते २०२४ या काळातील विधानसभेच्या चारही निवडणुकांत डोंबिवलीची जागा भारतीय जनता पक्षाकडे गेली. परंतु डोंबिवलीचाच काही भाग ज्यात मोडतो, त्या कल्याण ग्रामीण मतदारसंघाकडे पाहावे. तेथे २००९ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेना, २०१४ साली शिवसेना, २०१९ साली पुन्हा नवनिर्माण सेना आणि २०२४ साली पुन्हा शिवसेना, असा पालट झाला. रस्ता ओलांडला की कौल बदलतो! तात्पर्य, येथील मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नाही.

मात्र हा कौल देतात किती जण? कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ साली सुमारे ४५ टक्के व २०२४ साली सुमारे ५० टक्के मतदान झाले. २०२४ सालीच राज्याची सरासरी सुमारे ६१ टक्के होती, आणि रानवाटा तुडवीत केंद्र गाठणाऱ्या गडचिरोली-चिमूरची सुमारे ७२! साक्षरतेचा अभिमान मिरविणाऱ्या आम्हां उपनगरवासीयांनी यावर मान खाली घालावी, हेच योग्य.

शाळेतले साधे गणित मांडू. १०० मतदारांपैकी ५० जणांनी मत दिले. ३० एकास, २० दुसऱ्यास. निवडून आलेला ३० जणांचा. आणि घरी बसलेले ५० हाच सर्वांत मोठा पक्ष, ज्याचा प्रतिनिधी कोठेच नाही!

कारणे सर्वांस ठाऊक आहेत. २० मे २०२४ रोजी सोमवार होता; शनिवार-रविवारला जोडून कित्येक कुटुंबे गावी गेली. काहींची नावेच यादीत सापडली नाहीत. घर बदलले, जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली, तरी नाव पूर्वीच्याच पत्त्यावर राहते. त्यासाठी नमुना ८ व नव्या नोंदणीसाठी नमुना ६ भरावयाचा असतो. पण मतदानाच्या सकाळी यादी पाहून उपयोग काय? नोकरीची सबबही खरी नव्हे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-ब प्रमाणे त्या दिवशी पगारी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे.

आता थोडे कटू बोलू. निवडणूक जवळ आली की, आपल्या मंडळानेही अमक्या उमेदवारास ज्ञातीचा पाठिंबा जाहीर करावा, म्हणजे सभागृहाचे काम मार्गी लागेल, अशी सूचना खाजगीत होते. आम्हांस ती मान्य नाही. जातीच्या नावाने मते मागणे हे त्याच अधिनियमाच्या कलम १२३(३) अन्वये भ्रष्ट आचरण ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ च्या निर्णयात त्या कलमाचा अर्थ अधिकच व्यापक केला. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी आपल्या घरांतून पाहा. एकाच घरात वडील एका पक्षाचे, सून दुसऱ्या, नातू तिसऱ्याच! एका घराचे मत एक नाही, तेथे साऱ्या ज्ञातीचे मत कोणी कोणास वाहावे? सभागृह वर्गणीतून दोन वर्षे उशिरा झाले तरी चालेल. मत गहाण टाकून नको.

मग मंडळाने काय करावे? दरवर्षी २५ जानेवारीस राष्ट्रीय मतदार दिन असतो. त्या सुमारास प्रत्येक कुटुंबाची नावे यादीशी ताडून पाहावीत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे अर्ज भरून द्यावेत. वृद्धांस केंद्रावर नेण्यास वाहने ठेवावीत. मात्र मत कोणास दिले, हे वाहन चालविणाऱ्याने विचारू नये आणि बसणाऱ्याने सांगू नये.

ही सूचना आजच्या सभेने ठराव म्हणून स्वीकारावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.