दुनळीमागची माणसे

२०१९ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात टिपू सुलतानाच्या खासगी शस्त्रागारातली एक बंदूक ६०,००० पौंडांना विकली गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या एका मेजरने ती नेली होती. पुढे ती एका घराच्या माळ्यावर पडून राहिली.

ही चकमकीची बंदूक होती २० बोअरची. बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या २० गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती २० बोअरची नळी. १२ बोअरची नळी तिच्याहून रुंद. आकडा लहान, तोंड मोठे!

लोखंड आणि लाकूड सगळ्याच बंदुकांना असते. किंमत येते ती धन्याच्या नावाला. एवढ्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात राजघराण्याच्या शिकारीच्या बंदुका आहेत, पेंढा भरलेले वाघ आहेत. पोरेबाळे काचेला नाक लावून बघतात.

पण त्या काळी बंदूक कुणाच्या हाती होती? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना मात्र सूट. आमचे कोळवण इंग्रजी मुलखातले. भाताच्या खाचरात रात्री रानडुक्कर शिरले, तर कुणब्याने मचाणावर बसून डबा बडवायचा, नाहीतर गोफण फिरवायची. साहेब शिकारीला आला, की याच माणसाने हाका घालायचा. जाळीतला वाघ उठवायचा याने, छायाचित्र निघायचे त्याचे. जिवाचा धोका मात्र ज्याच्या हातात काठी, त्याला जास्त.

म्हणून नामवंतांच्या बंदुका बघताना मी एक गोष्ट विचारतो. या धन्याने आणखी काय केले? राजर्षी शाहू महाराज पट्टीचे शिकारी. पण ज्या फासेपारध्यांना सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, त्यांनाच महाराजांनी पहाऱ्यावर नेमले. १९१८ मध्ये अशा जमातींची रोजची हजेरी आपल्या संस्थानात बंद केली. ज्याला जग चोर म्हणते, त्याच्या भरवशावर रात्री झोपायचे, याला बंदूक चालवण्यापेक्षा मोठे धैर्य लागते.

काळ पुढे गेला. कोल्हापूरकरांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौकच संपवला. गवे रानात राहिले, बंदुका काचेत गेल्या. दोन्ही आपापल्या जागी बरे.

आता राहिले त्या काचेतले कार्ड. त्यावर धन्याचे नाव असते, कधी विलायती कंपनीचेही. टिपूच्या कारखान्यातल्या काही बंदुकांवर तर घडवणाऱ्या कारागिराचे नाव कोरलेले सापडते. दोनशे वर्षांपूर्वी एका राज्यात लोहाराच्या नावाला सुलतानाच्या बंदुकीवर जागा मिळाली. आपल्या संग्रहालयांनी हाकेकऱ्यांसाठी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? नावे हाती लागणार नाहीत, गावांची तर लागतील. अमुक गावच्या इतक्या माणसांनी रान उठवले, एवढे लिहिले तरी पुरे. मग काचेला नाक लावणाऱ्या एखाद्या पोराला त्या कार्डावर आपले गाव सापडेल.