जागतिक प्रदर्शनांची तिकिटे व स्मरणवस्तू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जामसंडे येथे दिलेले व्याख्यान)



जागतिक प्रदर्शनांची जुनी तिकिटे जमविण्याच्या छंदाशी जामसंड्याचा काय संबंध, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि कोकणातील बहुतेक गोष्टींप्रमाणे तो मुंबईच्या वाटेने येतो.

भायखळ्यास राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कलाकुसरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. त्या वेळी जादा नमुने मुंबईसाठी राखून कोटातील टाउन बरॅक्समध्ये जो संग्रह मांडला गेला, तोच त्याचा उगम. दोनच वर्षांनी, १८५७ च्या धामधुमीत, सैन्यास जागा हवी म्हणून तो बाहेर फेकला गेला व बराचसा नष्ट झाला. उरलेला जॉर्ज बर्डवुड यांनी सांभाळला. पेडण्याजवळील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांनी वर्गणीसाठी खटपट केली, आणि १८७२ साली सध्याची इमारत लोकांस खुली झाली. १९७५ पासून तिला भाऊ दाजींचे नाव आहे.

मौल्यवान वस्तूंची ही गत, तर तिकिटाची कथा काय! ते बिचारे दारावर फाटण्यासाठीच जन्मास येते.

तरीही १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाची तिकिटे आजही पाहावयास मिळतात. स्वामी विवेकानंदांनी गाजविलेली सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रवेशास पन्नास सेंट पडत. नकली तिकिटे निघू नयेत म्हणून ती नोटा छापणाऱ्या कंपनीकडून कोरीव ठशांनी छापून घेतली होती. त्यांवर कोलंबस, वॉशिंग्टन, लिंकन अशी चित्रे होती. दिसावयास इतकी देखणी, की लोकांनी ती हौसेने जपून ठेविली. म्हणूनच ती फारशी दुर्मिळ नाहीत! जुने तेवढे दुर्मिळ, ही समजूत संग्राहकाने प्रथम सोडावी. त्याच प्रदर्शनात काम करणाऱ्या माणसांना त्यांचे छायाचित्र लाविलेले पास मिळत. माझ्या मते खरा ऐवज तो. कारण त्यात माणूस आहे.

आता आपल्या घराकडे वळू. १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळात दुबईत जागतिक प्रदर्शन भरले. आखातात आपल्या कोकणातील किती मुले आहेत हे मी सांगावयास नको. तेथे पारपत्रासारखे एक पुस्तक विकत मिळे, आणि प्रत्येक देशाच्या दालनात त्यावर शिक्का मारून घेता येई. ही प्रथा १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनापासूनची. २०२५ च्या ओसाका प्रदर्शनात तर तिकीट बहुतांशी मोबाइलवरच होते. तेव्हा कागदाचा असा पुरावा यापुढे कमीच मिळणार.

असे पुस्तक घरात असल्यास प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आपल्याकडचा दमटपणा आणि वाळवी ध्यानात घेऊन ते स्वच्छ पाकिटात, भिंतीपासून दूर व उंचावर ठेवावे. कोणी, कधी आणले, हे पाकिटावर लिहावे. हल्ली मुलास आजोबांचे हस्ताक्षर ओळखता येत नाही.

पुढील संमेलनात अशा वस्तूंसाठी एक मेज मांडण्याची विनंती मी कार्यकारी मंडळास करतो. तिकीट, बिल्ला, शिक्क्यांचे पुस्तक, काहीही आणावे. मात्र आणणाऱ्याचे नाव व प्रदर्शनाचे साल सोबत असावे.