मातीचा पेला

चंद्रपुराच्या अरण्यप्रदेशांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं २०१८ सालीं एव्हरेस्ट सर केलें. अशा मुलांसाठीं लघुपट काढावयाचा, तर तो क्रिकेटपटु पालवणकर बाळू यांच्यावर असावा. पुण्याच्या हिंदु संघास त्यांची डावखुरी गोलंदाजी हवी होती. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या पेल्यांत मिळे. १९११ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ११४ बळी घेतले; तरीहि जन्मानें अस्पृश्य म्हणून नायकपद त्यांना दिलें गेलें नाहीं. १९२० सालीं विठ्ठल व शिवराम या बंधूंनीं निषेधार्थ संघांतून माघार घेतली. १९२३ सालीं विठ्ठल नायक झाले. शिखर गांठणाऱ्या मुलांस पराक्रम शिकवावयास नको. पराक्रमाचा मान नाकारला गेल्यास काय करावें, तेवढें दाखवावें.