बागेला माळी हवा

आमच्या घराजवळच्या बागेत काही वर्षांपूर्वी हिरवळ होती, झोपाळे होते, घसरगुंडी होती. आज एका झोपाळ्याची साखळी तुटली आहे आणि घसरगुंडीचा पत्रा कडेला उचकटला आहे. संध्याकाळी आजी नातवाचा हात घट्ट धरून त्याला तिथून बाजूला नेते.

बागांसाठी सरकारी पैसा येत नाही, असं नाही. केंद्र सरकारची अमृत योजना २०१५च्या जूनमध्ये सुरू झाली. ५०० शहरं आणि पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपये. त्यातला मोठा भाग पाणीपुरवठा आणि मलनिःसारणासाठी होता, पण बागा आणि हिरव्या जागांसाठीही जास्तीत जास्त अडीच टक्के वाटा ठेवला होता. मुलांच्या खेळण्याच्या सोयींचा त्यात मुद्दाम विचार होता.

अशा निधीतून बाग उभी राहते. पुढे रोज पाणी घालायचं, गवत कापायचं, झोपाळ्याच्या कड्या तपासायच्या, हा खर्च दरवर्षीचा. तो पालिकेच्या अंदाजपत्रकातूनच यायला हवा. तिथे तरतूद तुटपुंजी असली की माळी मिळत नाही, आणि माळ्याविना बाग दोन उन्हाळे काढत नाही.

बाग ही चैन आहे, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात, त्या घरातल्या मुलाचं अंगण म्हणजे ही बागच. आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांची यादी आहे. तिच्यात उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं स्पष्ट नोंदवलेली आहेत.

म्हणून माझं एक सांगणं आहे. पालिकेचं अंदाजपत्रक मार्चअखेरीआधी तयार होतं. पुण्यासारख्या शहरात नागरिकांना आपल्या भागातली कामं त्यासाठी सुचवता येतात. जिथे तशी सोय नाही, तिथे दहा शेजाऱ्यांनी सह्या करून नगरसेवकाकडे किंवा वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. अर्जात नवी बाग मागण्याआधी जुन्या बागेबद्दल तीन प्रश्न विचारा: माळी कोण आहे? पाणी कुठून येतं? यंदा दुरुस्तीला किती रुपये ठेवले आहेत?

आमच्या गल्लीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात पहिली ओळ त्या झोपाळ्याच्या साखळीची आहे.