पंपाचा वॉशर का फुगतो?



फवारणीचे दिवस आले की गटाच्या अवजार बँकेतले पंप घरोघरी फिरू लागतात. पंप गळू लागला की आपण म्हणतो, वॉशर झिजला. पुष्कळदा तो झिजलेला नसतो, फुगलेला असतो. फुगलेला वॉशर मऊ पडतो, खाचेत नीट बसत नाही, फाटतो. मग औषध पाठीवर झिरपते आणि कातडीवाटे अंगात जाते. म्हणून आज एवढ्याशा वॉशरबद्दल बोलू.

हरभरा पाण्यात फुगतो. रबर पाण्यात फुगत नाही, पण डिझेल, रॉकेल पिते. ज्या औषधाच्या बाटलीवर ‘ई.सी.’ लिहिलेले असते आणि जे पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होते, त्यातही असाच द्रावक असतो. रबराच्या साखळ्या कारखान्यात गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून रबर विरघळत नाही, नुसते फुगते.

हे आपल्याला मोजता येते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या १० सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. एक पाण्यात, दुसरी डिझेलमध्ये, झाकणाच्या काचेच्या बाटलीत २४ तास ठेवा. चूल आणि लेकरे दूर हवीत. ती बाटली पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. परीक्षेसाठी कीटकनाशक तर मुळीच वापरू नका. दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुसून पट्टीने मोजा. डिझेलमधली ११ सेंटीमीटर भरली, तर वाढ १ सेंटीमीटरच दिसते. पण रबर लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडे फुगते, म्हणून आकारमान सुमारे ३३ टक्के वाढलेले असते.

नव्या वॉशरच्या पाकिटातला एक असाच तपासा. नायट्राइल रबराचा असेल तर डिझेलमध्ये फारसा फुगणार नाही. तपासलेला वॉशर मात्र पंपात घालू नका.

आता गटाचा नियम करू. पंप देण्याआधी साधे पाणी भरून, दाब देऊन गळती पाहायची. फवारणी झाली की त्याच दिवशी पंप तीनदा पाण्याने धुवायचा, ते पाणी विहिरी-ओढ्यापासून लांब ठेवायचे. अडकलेला दांडा सैल करायला डिझेल ओतायचे नाही. आणि पाठ ओली झालीच, तर काम तिथेच थांबवून कपडे उतरवायचे, अंग साबणाने धुवायचे. उरलेली ओळ उद्या होईल.