परदेशी शिक्षण : आधी हिशेब, मग कर्ज



१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचू शकले. गुणवत्ता आणि विद्यापीठ यांच्यामधली पैशाची दरी आजही तशीच आहे. ती बुजवण्यासाठी राहते घर गहाण ठेवण्यापूर्वी देशाची निवड पारखून घ्यावी.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. प्रत्येक सत्राची अल्प वर्गणी तेवढी भरावी लागते. बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो शुल्क आहे. शिवाय शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम, २०२४ च्या नियमानुसार ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवावी लागते. ती दरमहा विद्यार्थ्याच्याच हाती येते. वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते. मात्र त्या कमाईच्या भरवशावर घर सोडू नये.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. बृहन्महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीकडे पाहावे. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती साऱ्या भारतीयांना खुली आहे.

कर्ज काढण्यात कमीपणा नाही. मात्र आईवडिलांच्या म्हातारपणाची पुंजी त्यात किती गुंतणार, हा आकडा मुलांसमोर मोकळेपणाने मांडावा. ज्याला तो ठाऊक असतो, तो परदेशातही जपून पाऊल टाकतो.